वैजूची मधुरा

"काल खंयसर इल्लव?"

सूप पुढ्यात ओढून पहिला काजूगर हातात घेतला की वैजू हे विचारायची. काल कुठवर आलो होतो, ते आमच्यातल्या कुणीतरी बरोबर सांगायचं, तरच ती पुढे जायची. चुकीचं सांगितलं तर काही न बोलता दोन-चार गर सोलायची आणि परत तेच विचारायची. पाहुणीसारखं ऐकणाऱ्यांना ती काही सांगत नसे.

मसुऱ्याच्या वाटेवर दाजींची काजूची शेड आहे. बी फोडून, भट्टीत सुकवून गर आमच्याकडे येतो आणि आम्ही बारा-चौदा बायका छोट्या सुरीने त्याची तांबडी साल काढतो. अख्खा गर वेगळा, मोडका वेगळा. नजर गरावर पाहिजे म्हणून मोबाईल दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा आणि रेडिओ लावायचा नाही, असा दाजींचा नियम. तोंडाला नियम नव्हता. म्हणून वैजू आदल्या संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर लागलेली मालिका दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगायची. मालिकेत मधुरा नावाची सून होती. तिला पुण्यात बंगल्यात दिली होती आणि तिथली सासू तिला सुखाने घास गिळू देत नव्हती.

वैजू बुटकी, अंगाने सुकी. डोक्याला खोबरेल इतकं की माशी बसली तर घसरेल. नवरा ट्रॉलरवर होता, तो लवकर गेला. एक मुलगा, ठाण्याला नोकरीला. यापलीकडे तिने स्वतःचं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मधुराच्या सासरची सगळी माणसं आम्हाला पाठ होती, पण वैजूची स्वतःची सून काळी की गोरी ते ठाऊक नव्हतं.

सांगताना ती आवाज चढवायची नाही, हातही थांबवायची नाही. सासू बोलायला लागली की नुसती हनुवटी वर जायची. मधुरा बोलताना सुरी जरा हळू चालायची. रंगात आलेली असताना गोष्ट तिथेच सोडून सुपातली साल फुंकायची आणि म्हणायची, "आता जाहिरात. जावन येवा कोणाक जावचा तर." मग आम्ही मागच्या बाजूला जाऊन यायचो. ती जाहिरातसुद्धा म्हणून दाखवायची, साबणाची नाहीतर मसाल्याची, तोंड वाकडं करून. एवढं सगळं करून संध्याकाळी तिच्या सुपात अख्खे गर सगळ्यांत जास्त असायचे.

तिचा आणखी एक कायदा होता. जेवणाआधी कुणी मरायचं नाही. मालिकेत एकदा मधुराच्या दिराला गोळी लागली. ती सकाळी अकराला लागली आणि वैजूने त्याला तसाच जिन्यावर पाडून ठेवला. आम्ही विचारतोय, जगला की मेला. ही म्हणाली, "आधी जेवा. पोटात अन्न नसताना कोणाचा मरण ऐकू नये." आम्ही भराभर जेवलो. दोन वाजता तो मेला.

मी तिच्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. शेडमध्ये मला सगळ्या काकी म्हणतात, तीही म्हणायची. मी तोंडाची फटकळ. खरं ते समोरच्याच्या तोंडावर बोलते, याचा मला त्या वेळी मोठेपणा वाटत असे.

वैजू मात्र खऱ्याच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक होती, हे मी विसरले, म्हणून आधी ते सांगते. एकदा ऐन साडेसातला वीज गेली. दुसऱ्या दिवशी तिने अर्धीच गोष्ट सांगितली आणि गप्प झाली. मी म्हटलं, "पुढचा तुझ्या मनान सांग."

"मनान सांगूक मी काय खोटारडी?" ती म्हणाली. "मी बघूक नाय. मी सांगूचंय नाय."

मग तिला आठवलं की तोच भाग सकाळी अकराला परत लागतो. दाजींकडून दोन तासांची सुट्टी घेऊन ती बाजारात चालत गेली. तिथे न्हाव्याच्या दुकानात टीव्ही होता. दाढीला बसलेल्या गड्यांच्या मागे दारात उभी राहून तिने तो अर्धा भाग पाहिला. न्हावी म्हणाला, "वयनी, बसा." ही म्हणाली, "बसान बघलंय तर लक्ष नाय लागणा." परत आली, घाम पुसला, सूप ओढलं आणि म्हणाली, "हां. काल खंयसर इल्लव?"

त्यानंतर दोन वर्षांत सगळं बदललं. आमच्या केबलवाल्याने धंदा बंद केला. मधुराची मालिका एका ॲपवर गेली, म्हणजे टीव्ही इंटरनेटला जोडायचा आणि त्यात ती शोधायची. गणपतीला वैजूचा मुलगा आला आणि भिंतभर टीव्ही लावून गेला. दोन दिवसांत आईला सगळं शिकवलं म्हणाला. कागदावर रिमोटचं चित्र काढून बाण दाखवले आणि तो कागद टीव्हीखाली चिकटवला.

आमच्या घरीही मुलाने तसाच टीव्ही आणला होता, म्हणून तो काय प्रकार असतो ते मला माहीत आहे. जुन्या रिमोटवर आकडे होते. चौदा दाबलं की मालिका, सहा दाबलं की बातम्या, अंधारातही दाबता यायचं. नव्यावर आकडेच नाहीत. चार बाण आणि मध्ये एक गोल. टीव्ही लावला की आधी चित्रांच्या रांगा येतात, खाली जावं तितक्या आणखी रांगा. एखाद्या चित्रावर जरा थांबलं की ते न सांगता ओरडायला लागतं. काल जी गोष्ट डावीकडे होती ती आज उजवीकडे. मग मध्येच तो आपल्याला ओळखत नाही. पासवर्ड दे म्हणतो, आणि तो पासवर्ड बाण दाबत दाबत एकेक अक्षर शोधून लिहायचा, एक चुकलं की पहिल्यापासून. मोबाईलवर आकडा येतो, चष्मा लावून तो वाचेपर्यंत त्याची मुदत संपते. माणसाला दारात उभं करून ठेवतात तसं वाटतं, आणि तेही आपल्याच घरात. मी आठ दिवस झगडले आणि त्या टीव्हीवर जुनी चादर घातली. नातीला सांगितलं, मला तो नको.

मी वैजूला विचारलं, "तुझो लागता काय गो?"

"झकास लागता," ती म्हणाली. "काल खंयसर इल्लव?"

आणि खरंच, त्या गणपतीनंतर मालिका कधी नव्हती इतकी चांगली झाली. मधुराने बंगला सोडला. रत्नागिरीला येऊन एका खानावळीत राबायला लागली. पहाटे उठून नारळ खोवायची, तिच्या बोटांना चिरा पडायच्या, त्या चिरांत मीठ जायचं. आमच्या बोटांना काय होतं ते आम्हालाच ठाऊक, पण टीव्हीवर कुणी दाखवेल असं वाटलं नव्हतं. पुण्याची सासू एकटी पडली, आजारी झाली आणि मधुराकडे येऊन राहिली. एक दिवस वैजू सांगत होती की सासूने उकड्या तांदळाची पेज मागितली आणि सोबत सुकट.

मी म्हटलं, "पुण्याच्या बंगल्यातली बाई पेज नि सुकट मागता?"

"आजारी माणसाक काय लागात ता सांगू शकत नाय," वैजू म्हणाली. बाकीच्या हसल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मलाही ती सासू पेज पिताना दिसत होती.

आमच्यात सरिता म्हणून एक मुलगी होती. तिशीच्या आत नवरा गेला. कपाळ मोकळं ठेवायची, खालमानेने यायची, खालमानेने जायची. वैजूच्या गोष्टीत मधुराची एक विधवा नणंद आली. सण होता, नणंद मागच्या खोलीत बसून राहिली. सासू काठी टेकत आत गेली, स्वतःच्या हाताने तिच्या कपाळाला टिकली लावली आणि म्हणाली, "कपाळ तुझा. कोणाच्या बापाचा नाय." वैजूची हनुवटी वर झाली होती आणि शेडमध्ये तिच्या एकटीच्या सुरीचा आवाज होता. चार-पाच दिवसांनी सरिता बारीक काळी टिकली लावून आली. वैजूने मान वर करून पाहिलंही नाही, सूप पुढे ओढलं.

शिमग्याच्या आधी मी एका संध्याकाळी वैजूकडे तिरफळं द्यायला गेले. साडेसात वाजून गेले होते. म्हटलं, तिच्याबरोबर मधुरा बघू एकदा. दार उघडं होतं. टीव्ही चालू होता, पण आवाज नव्हता. पडद्यावर काळ्या रंगावर चार गोल तोंडं होती: तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, कोण बघतंय ते टीव्ही आधी विचारतो तसलं. वैजू समोर खुर्चीत, मांडीवर हात ठेवून त्या तोंडांकडे बघत बसली होती. रिमोट टीव्हीखाली, कागदाच्या बाजूला, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला होता.

मला बघून ती उठली. "आत्ताच संपली," म्हणाली.

मी घड्याळाकडे बघितलं. आठ वाजायला अजून वेळ होता, आणि मालिका अर्धा तास चालते. मी तिरफळं दिली आणि निघाले. तिथे बोलले असते तर बरं झालं असतं. तिथे फक्त आम्ही दोघी होतो.

घरी जाऊन नातीला म्हटलं, मधुरा दाखव मोबाईलवर. तिने दाखवली. मधुरा इस्पितळात नळ्या लावून पडलेली होती. नात म्हणाली, ही दोन महिने अशीच बेशुद्ध आहे. रत्नागिरी नव्हती, खानावळ नव्हती. विधवा नणंद मालिकेत कधी आलीच नव्हती. सासू दागिने घालून पलंगाशी कारस्थान करत उभी होती.

मला राग आला. का आला ते आज नीट सांगता येत नाही. मी इतकी चौकस, खऱ्याची चाड असणारी, आणि सहा महिने हिने मला बनवलं, असं वाटलं. मी त्या सासूसाठी घरी जाऊन डोळे पुसले होते, त्याची लाज वाटली. ती लाज मी वैजूच्या डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी ती आली, बसली, सूप ओढलं. "काल खंयसर इल्लव?"

"हास्पिटलात," मी म्हटलं.

तिची सुरी थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मधुरा दोन म्हयने हास्पिटलात पडली आसा," मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी काल बघलंय. रत्नागिरी नाय, पेज नाय, काय नाय. आमका येडी समाजलंस काय?"

वैजूच्या हातातल्या गराच्या दोन पाकळ्या झाल्या. तिने त्या मोडक्यांच्या ढिगात टाकल्या.

मी तरी थांबायचं. नाही थांबले. "टीव्ही लागना नाय तर तसा सांगूचा. खोटा कित्याक सांगूचा?"

"लागता," वैजू म्हणाली. आवाज तिचा नेहमीसारखाच होता, हळू. "पण ॲप झिलाचा. एका येळाक दोनच ठिकाणी चलता. साडेसातापास्ना निजापर्यंत झील बघता, चेडवा त्यांच्या खोलीत बघतत. मी लावलंय काय त्यांचो बंद पडता. एकदा पडलो. झिलाचो फोन इलो, आये, काय दाबलंस, आमी बघत असताना तू लाव नको, दुपारी बघ." तिने सुपातली साल फुंकली. "दुपारी मी हंय आसतंय."

हे तिने आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं. जिने मुलाचं नाव कधी घेतलं नव्हतं, तिला ते बोलायला मी लावलं. मग तिने सूप उचललं आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

जेवताना वैजू विहिरीकडे गेली होती. मी सरिताला म्हटलं, "काय एकेक माणसां बघ."

सरिताने डबा बंद केला. "आमका म्हायत होता, काकी."

"काय म्हायत होता?"

"आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर लागता ती मालिका. पयल्या आठवड्यातच कळलेला. ती रटाळ आसा. म्हणान तर हिची ऐकत होतव."

"मग बोललात नाय कोणी?"

"कित्याक बोलूचा?" सरिता म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं ते रागाने नव्हे. लहान पोर काही फोडून बसलं की आपण बघतो तसं. "तुमका एकट्यांकच म्हायत नव्हता."

बारा बायकांनी सहा महिने एकमेकींना न सांगता एक गोष्ट सांभाळली होती. मुली त्या, माझ्या नातीच्या वयाच्या काही. त्यांना जे कळत होतं ते मला साठ वर्षं ओलांडून कळलं नाही. तो घास मी कसा गिळला ते मला आठवतं. शेवग्याची भाजी होती.

त्यानंतर शेडमध्ये नुसत्या सुऱ्यांचा आवाज राहिला. दाजींना ते बघवलं नाही. त्यांनी आपला नियम मोडला, एका मुलीचा मोबाईल पत्र्याच्या डब्यात ठेवून मालिका लावायला सांगितली, म्हणजे आवाज घुमेल. पण शेडमध्ये रेंज धड नाही. मधुराची सासू अर्धं वाक्य बोलायची आणि थांबायची, पडद्यावर गोल फिरत राहायचा. त्या वेळी आमचे हात चालू असायचे आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळायच्या. वैजू पाठमोरी बसून सोलत असायची. तिच्यासाठीच ती जागा मोकळी झाल्यासारखी असायची, आणि ती त्या जागेत एक शब्द टाकायची नाही. चौथ्या दिवशी मुलीने आपणहून मोबाईल टोपलीत ठेवला.

दाजींच्या बायकोने चांगलं करायचं म्हणून वैजूच्या मुलाला फोन केला आणि झाला प्रकार सांगितला. तो बिचारा हबकला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला वाटलं आईला मालिकेचं काय एवढं. त्याने तिला ॲपवर तिच्या नावाने वेगळं खातं काढून दिलं, येऊन शिकवलं, चार दिवस राहिला. पण म्हणजे ठाण्यापर्यंत ती गोष्ट गेली, आणि तीही माझ्या तोंडामुळे.

वैशाखात मी वैजूकडे गेले. माफी मागायला गेले होते असं म्हणेन, पण माफी मागण्याची मला सवय नाही. पाच आंबे नेले. साडेसात वाजत आले होते. तिने आंबे घेतले, खुर्ची दिली आणि पिशवीतून नव्हे, पदराच्या बाजूने रिमोट काढून खटाखट बाण दाबले. आता गोल एकच होता, तिच्या तोंडाचा. मधुरा लागली. शुद्धीवर आली होती, पण कुणाला ओळखत नव्हती. आम्ही दोघी बघत बसलो. चित्र स्वच्छ, आवाज मोठा आणि माझं लक्ष लागेना.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "तुझी बरी होती."

"काय माझी?"

"मधुरा. रत्नागिरीची."

तिने टीव्हीवरून नजर काढली नाही. "माझी खंयची?" ती म्हणाली. "मी काय सांगूक नाय कधी."

"वैजू, मी त्या दिवशी..."

"काकी, बघूक देवा."

मी टीव्हीकडे वळले. तिला हो म्हणायला लावलं असतं तर ती परत एकदा खोटी पडली असती, हे एवढ्या उशिरा माझ्या डोक्यात आलं. ती मला माफ करणार नव्हती असं नाही. माफ करायला तिला ते झालंच होतं असं मानावं लागलं असतं, आणि ते ती मानणार नव्हती.

त्या पावसाळ्यात मुलगा तिला गुडघ्याच्या उपचाराला ठाण्याला घेऊन गेला. तिथेच ताप येऊन ती गेली. म्हणजे मी तिला शेवटचं धड पाहिलं ते त्या आंब्यांच्या संध्याकाळीच.

त्या संध्याकाळी थोडं बघून झाल्यावर ती म्हणाली, "चाय ठेवतंय," आणि रिमोटने चित्र जागच्या जागी थांबवलं. मधुरा तोंड उघडून भिंतीवर राहिली. वैजू आत गेली. मी बसून होते. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. आणि मग आतून बोलणं ऐकू यायला लागलं, अगदी बारीक. मला वाटलं कुणी मागच्या दाराने आलं. उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

कुणी नव्हतं. वैजू माझ्याकडे पाठ करून आलं किसत होती. तिचं डोकं जरा मागे गेलं होतं, म्हणजे हनुवटी वर होती. सासू बोलत होती. "माका पुण्याक जावचा नाय," सासू म्हणत होती. "हंयच बरा आसा." मग किसणं हळू झालं आणि मधुरा काहीतरी म्हणाली. ते मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं.

तिला चाहूल लागली. थांबली.

"साखर कमी घालू मा?" तिने मागे न वळता विचारलं.

"घाल कमी," मी म्हटलं.

मी परत बाहेर आले आणि खुर्ची मुद्दाम सरकवून, आवाज करून बसले, म्हणजे मी लांब आहे हे तिला कळावं. बराच वेळ कान देऊन बसले. आतून फक्त चहा उकळल्याचा आवाज येत राहिला.